बोरीला चाळीस मिनिटं

परभणीच्या बस स्थानकावर मी उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि कंडक्टरशी माझं भांडण पुण्यापासून चालू होतं. भांडण बॅगेवरून. तिच्यात मोडेम, मीटर, पक्कड आणि वायरींची भेंडोळी होती. त्याचं म्हणणं बॅग टपावर टाका. माझं म्हणणं, मग मलाही टपावर बसवा. शेवटी बॅग माझ्या मांडीवर आली आणि बारा तास तिथेच बसली. उतरताना त्याने विचारलं, "बाई, एवढं काय हाय त्यात, सोनं?" मी म्हटलं, त्याहून महाग. पाय मात्र दोन्ही बधिर झालेले. पहिल्याच पायरीवर मी बॅगेसकट खाली बसले आणि त्यानेच मला हात देऊन उठवलं.

त्र्याण्णव सालचा डिसेंबर होता. हवेत चांगला गारवा होता. स्थानकाबाहेर पेरूच्या पाट्या लागल्या होत्या आणि भिंतीभिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या, जुन्यांवर नव्या रंगवलेल्या. मी दोन पेरू घेतले, तिखट-मीठ मागून घेतलं आणि रिक्षात बसले.

इथे मी कशाला आले होते ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या छोट्या कंपनीने आदल्या वर्षी परभणीच्या एका बियाणे संघात कॉम्प्युटर बसवला होता. संघाचं खरं नाव देत नाही, आपण पूर्णाकाठ बीज संघ म्हणू. मोठं मशीन परभणीच्या मुख्य कार्यालयात. पिंगळी, बोरी आणि देवगाव फाटा इथल्या केंद्रांवर एकेक टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक. मधे टेलिफोनच्या खास लाईनी. सकाळी केंद्रावरच्या ऑपरेटरने नाव आणि पासवर्ड टाकला की परभणीचं मशीन त्याला आत घेणार. मग शेतकऱ्यांनी आणलेल्या बियाण्याच्या प्रत्येक खेपेला नंबर मिळणार. नंबर मिळाल्याशिवाय गाडीतलं पोतं खाली उतरायचं नाही.

आत घ्यायला अर्धं मिनिट लागावं. लागत होती वीस, तीस, चाळीस मिनिटं. परभणीतच बसून केलं तर लगेच, खेड्यावरून केलं की रखडलं. दोष लाईनचा, हे मी पुण्यात बसूनच ठरवून टाकलं होतं. माझा स्वभाव तसा आहे. आधी ठरवते, मग बघायला जाते.

दहाला मी संघाच्या दारात उभी होते, पण आत जाता येईना. दाराशीच आवक-जावकचं टेबल होतं आणि त्यामागची खुर्ची रिकामी. बबन नावाच्या शिपायाने मला बाकावर बसवलं. म्हणाला, आप्पांनी नोंद केल्याबिगर बाहेरचं माणूस आत सोडायचं न्हाई, आन् आज सोमवार, आप्पा महादेवाची पूजा करून अकराला येतेत. मी त्याला सांगितलं की आतला कॉम्प्युटर मीच बसवलाय. त्याने आदराने मान डोलावली आणि चहा आणून दिला. आत काही सोडलं नाही. तासभर मी त्या बाकावर पेरू खात बसले आणि मनातल्या मनात सगळ्या संघाचा उद्धार केला.

अकराला शिवहारआप्पा आले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. चार महिन्यांनी निवृत्त होणारा हा गृहस्थ वयाच्या अठराव्या वर्षापासून आवक-जावकच करत आला होता. आदल्या वर्षी मी आले तेव्हा त्यांचं टेबल मागच्या खोलीत होतं, त्यामुळे आमची गाठ पडली नव्हती. त्यांनी वही उघडली, पट्टी सरळ ठेवली, माझं नाव, गाव, काम विचारलं. बॅग बघून "सामान, एक नग" असं लिहिलं. शेजारी विणलेला रुमाल घातलेला एक प्रिंटर होता, त्यावर हात टेकून त्यांनी मला आवक क्रमांकाची चिठ्ठी दिली. मी जरा तिरकसपणे म्हटलं की माझ्यावर शिक्का नाही का मारायचा? ते शांतपणे म्हणाले, "शिक्का कागदावर आसतो बाई. मानसाला नंबर पुरं."

मॅनेजर देशमुखसाहेबांनी मला विषय दोन मिनिटांत समजावला. शुक्रवारी दुपारी संचालकांची बैठक. तीन केंद्रांत बोरीचं सगळ्यात वाईट. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर बोरीचं टर्मिनल उचलायचं, केंद्र बंद करायचं आणि तिकडच्या शेतकऱ्यांनी पोती थेट परभणीला आणायची. पत्र टाइप झालेलं होतं, सही तेवढी राहिली होती. मी विचारलं, तिथल्या ऑपरेटरचं काय? ते म्हणाले, केंद्रच नाही तर ऑपरेटर कशाला.

संघाची जीप आणि तिचे ड्रायव्हर सलीमभाई माझ्या दिमतीला मिळाले. जीप धक्क्याशिवाय चालू होत नसे. सलीमभाईंनी मला सांगितलं, तुमी बसा बाई, धक्का द्यायला इथं कमी न्हाई कोनाची. आणि खरंच, ते नुसते खाली उतरून उभे राहिले की आजूबाजूचे चार लोक न बोलवता येत. पिंगळी जवळच. रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर गोदाम, त्यात केंद्र. मी गेले तेव्हा मशीन पंचवीस मिनिटं झाली तरी आत घेत नव्हतं. मी लाईन तपासत गेले आणि गोदामाच्या कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर सापडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वायर बदलली, तीन वाजता परत करून बघितलं, मिनिटाच्या आत मशीनने घेतलं. तिथल्या ऑपरेटरने स्टेशनवरून भजी आणवली. मी देशमुखसाहेबांना फोन करून सांगितलं की उंदीर होते, बाकी दोन ठिकाणीही उंदीरच निघतील.

मंगळवारी सकाळी लॉजवर देशमुखसाहेबांचा निरोप आला. मी निघाल्यावर पिंगळीला परत अर्धा तास लागला होता. उंदीर नवीन का जुने, असंही त्यांनी विचारलं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लॉजखालच्या हॉटेलात धपाटी (ज्वारीच्या पिठात मिरची-लसूण घालून थापलेली खमंग पोळी) आणि दही खाल्लं, आणि आम्ही बोरीला निघालो.

झरी मागे टाकलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, कणसांत दाणा भरत आलेला. मधे मधे करडई, मधे कापूस वेचणाऱ्या बाया. सलीमभाई प्रत्येक गावाची माहिती देत होते आणि ती सगळी तिथल्या चहावरून. इथला चहा पतला, इथला गोड लय, इथला प्यायचाच नाही. बोरीचा मात्र चांगला, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

बोरीचं केंद्र म्हणजे एक लांबट पत्र्याची खोली आणि समोर मोठा कडुनिंब. निंबाखाली सात बैलगाड्या सोडलेल्या. बैल रवंथ करत होते, माणसं गप्पा मारत होती, घाई कुणालाच दिसत नव्हती. आत पडद्यासमोर चंद्रकला बसली होती. ही बोरीचीच मुलगी, बी.ए. झालेली, घरातली पहिली नोकरी करणारी. निळी साडी, हाताशी एक मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं, आणि एक वही. पडद्यावर पासवर्डपुढे तो छोटा चौकोन लुकलुकत होता आणि ती त्याच्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होती.

त्या वहीत चार महिन्यांचा हिशोब होता, वेळेचा. रोज किती वाजता नाव टाकलं, किती वाजता मशीनने आत घेतलं. एकही दिवस सुटलेला नव्हता. मी पानं चाळत होते तेव्हा तिने बोट ठेवून दाखवलं की सोमवारी सगळ्यात उशीर होतो. आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदा सलग तीन दिवस मशीनने पटकन घेतलं होतं, अर्ध्या मिनिटात. मी म्हटलं, त्या दिवसांत हवा कोरडी असेल, लाईन साफ राहिली असेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आन् मॅडम, सोमवारी काय हवा वल्ली आसते का?"

मला राग आला. खरं बोलल्याचा येतो तसा. मी विचारलं की इतकं सगळं लिहून ठेवलंय तर कळवलं का नाही? ती म्हणाली परभणीला सात अर्ज पाठवले. तुमच्या पुण्याला बी तीन पत्रं टाकली. मी ठणकावून सांगितलं की आमच्याकडे एकही पत्र आलेलं नाही, आलं असतं तर मी स्वतः बघितलं असतं. तिने वही बंद केली.

मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "शुक्रवारी मशीन न्यायलेत म्हनं. खरं हाय का?" मी होय म्हटलं. खोटं कसं बोलणार? तिने सांगितलं की नोकरीचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त लोकांचं. इथल्या लोकांना सुरुवातीला कॉम्प्युटर नको होता. तिनेच घरोघर जाऊन सांगितलं होतं की ह्याने तुमचं काम लवकर होईल. "आता मला रोज त्यांच्या तोंडाकडं बघावं लागतं," ती म्हणाली.

बाहेर मात्र कुणी तिला बोल लावत नव्हतं. उलट मारोतराव नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हा सगळ्यांना शेजारच्या रानात बोलावलं. तिथे आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटवलेली होती. मी विचारलं, आज काही विशेष? ते म्हणाले विशेष काय, रोजचंच. मशीन आत घेस्तोवर हुरडा खाऊन होतो. म्हणजे माझ्या मशीनच्या चाळीस मिनिटांभोवती ह्या लोकांनी आपली न्याहारी बसवली होती. गरम कणसं हातावर चोळून दाणे फुंकून देत होते, बरोबर शेंगाची चटणी आणि दही. मी पोटभर खाल्लं आणि लाजले. मारोतरावांनी तेही ओळखलं. म्हणाले, तुमी कामून (का म्हणून) वाईट वाटून घेता, मशीन बी नवं हाय, सासरी रुळायला टाइम लागतो. पण परभणीला पोती न्यायची वेळ आली तर त्यांच्याकडून होणार नव्हतं. बैल थकलेले, मुलगा दुसऱ्या गावी. तेही त्यांनी हुरडा चोळता चोळता सांगितलं.

दिवसभर मी बोरीची लाईन तपासली. खांबापासून खोलीपर्यंत, खोलीपासून मोडेमपर्यंत. मोडेमही बदलला. काही सापडलं नाही. उंदीरसुद्धा नाही. निघताना मी चंद्रकलाला सांगितलं की उद्या बरोबर दहाला नाव टाक आणि घड्याळ बघून ठेव, मी देवगाव फाट्याहून तेच करते.

बुधवारी जिंतूरवरून आम्ही फाट्यावर गेलो. देवगाव फाटा म्हणजे रस्त्यांचा चौक, चार हॉटेलं, टायरची पंक्चरं आणि सतत येणारी-जाणारी माणसं. संघाचं केंद्र एका हॉटेलाच्या मागे. मी दहाला नाव टाकलं. चौकोन लुकलुकत राहिला. सलीमभाईंनी समोरच्या हॉटेलातून तर्री मारलेला चिवडा आणला. तो इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिथल्या ऑपरेटरला वाटलं मी मशीनमुळे रडायले. त्याने माझी समजूत घातली. दहा एक्केचाळीसला मशीनने आत घेतलं.

हॉटेलातून मी बोरीला फोन लावला. लागायला वेळ लागला, पण लागला. चंद्रकलाला विचारलं, तुझं कधी झालं? ती म्हणाली, "दहा एक्केचाळीस."

मी तिला परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं. बोरीची लाईन एका वाटेने परभणीला जाते, फाट्याची दुसऱ्या वाटेने. दोन गावं, दोन तारा, आणि दार उघडलं एकाच मिनिटाला. म्हणजे कडी गावाकडे नव्हतीच, परभणीतच होती. मी तिला फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली की मॅडम, लाईनीचं न्हाई म्हणून मी अर्जात लिहिलं होतं. मी फोन ठेवला आणि सलीमभाईंना म्हटलं, चला परत.

गुरुवारी सकाळी मी परभणीच्या मशीनसमोर बसले. आप्पांनी त्याआधी माझी रीतसर नोंद केली, रोज करत होते तशी. मशीनमध्ये काही दोष दिसेना. मेमरी ठीक, डिस्क ठीक. दहा वाजून गेले, तिन्ही केंद्रं रखडलेली होती. डोकं पार बधिर झालं तेव्हा मी चहा प्यायला म्हणून बाहेर आले आणि आप्पांच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले.

प्रिंटरच्या डोक्यावरचा रुमाल बाजूला होता. आप्पांच्या हातात एक चिठ्ठी होती, छापलेली एक ओळ. त्यांनी ती पट्टी लावून सरळ फाडली. वहीत क्रमांक टाकला, तारीख टाकली, चिठ्ठीवर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत हवेत धरली. मग बबनला हाक मारली. बबन ती घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. साहेब फोनवर होते. बबन उभा राहिला. आप्पा वाट बघत बसले, हातावर हात ठेवून. वीस मिनिटांनी बबन सही घेऊन आला. आप्पांनी चिठ्ठी फायलीला लावली आणि प्रिंटरवरचं एक बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. लगेच कर्र करून पुढची ओळ उमटली. आप्पांनी बटण दाबून दिवा परत बंद केला आणि पट्टी उचलली.

मी उठून त्यांच्या हातातली चिठ्ठी वाचली. "केंद्र बोरी, प्रवेश." खाली वेळ.

ही ओळ माझी होती. आदल्या वर्षी देशमुखसाहेब म्हणाले होते, बाहेरून मशीनमध्ये कोण शिरतं त्याची कागदावर नोंद हवी. मी पाच मिनिटांत मशीनला सांगून टाकलं होतं की केंद्रावरून कुणी आलं की आधी एक ओळ छाप, छापून झाल्याशिवाय पुढे सोडू नकोस. प्रिंटर तेव्हा साहेबांच्या खोलीत होता. त्याच्या आवाजाने त्यांचं डोकं उठलं, चार महिन्यांपूर्वी त्यांनी तो आप्पांकडे पाठवला. आणि आप्पांच्या टेबलावर जो कागद येतो तो आवक असतो. एका वेळी एकच कागद, त्याची नोंद पुरी झाल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, हे त्यांच्या पहिल्या साहेबाने शिकवलेलं. प्रिंटरचा दिवा बंद, म्हणजे छपाई बंद, म्हणजे मशीन थांबलं, म्हणजे बोरीला हुरडा. सोमवारी तर प्रिंटरचा दिवा अकरापर्यंत लागायचाच नाही. मी स्वतः त्या दारात तासभर पेरू खात बसले होते आणि मला अक्कल आली नव्हती.

मी विचारलं, आप्पा, तुळशीच्या लग्नानंतर तुम्ही कधी रजेवर होता का? त्यांचा चेहरा खुलला. धाकट्या मुलीचं लग्न होतं, तीन दिवस. तेवढे दिवस बबन बसला होता टेबलावर, पण त्या गड्याने दिवा बंदच केला नाही, सगळ्या ओळी एकाखाली एक छापून टाकल्या. आप्पांना आल्यावर सगळ्याची नोंद करत बसावं लागलं. ते सांगताना त्यांना अजून बबनचा राग येत होता. "कधी कधी दोन-दोन येकदम येतेत बाई," ते म्हणाले, "तव्हा लय तारांबळ होते. पन एक बी चुकू दिलं न्हाई."

आता हे ह्यांना कसं सांगायचं? सांगितलं. दुसरा उपाय नव्हता. बसून, हळू आवाजात, जमेल तेवढ्या साध्या शब्दांत. ते ऐकत राहिले. पट्टी खाली ठेवली.

देशमुखसाहेबांना कळलं तेव्हा ते खोलीतून तरातरा बाहेर आले आणि म्हणाले की ह्या म्हाताऱ्याने संघाचं वाटोळं केलं, आजच ह्यांना घरी बसवतो. मी मधे पडले. म्हटलं, साहेब, मशीनला थांब म्हणून सांगणारी मी. प्रिंटर इथे पाठवणारे तुम्ही. चार महिने रोज चिठ्ठ्यांवर सह्या करणारेही तुम्हीच. एक तरी चिठ्ठी वाचली असेल तर सांगा. ते फायलीकडे बघत राहिले. मग आत गेले आणि चहा पाठवला, बबनसकट तिघांसाठी.

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. ओळ आता छापायची नाही, मशीनने आपल्याजवळ लिहून ठेवायची, आणि रोज पाच वाजता सगळ्या दिवसाची एक यादी आप्पांच्या प्रिंटरवर काढायची. आप्पांनी त्यावर एकच शंका काढली. मधे कुणी येऊन गेलं आणि मशीनने लिहिलंच नाही तर? मी त्यांना पडद्यासमोर बसवून दाखवलं. त्यांनी सकाळपासूनच्या नोंदी आपल्या वहीशी ताडून बघितल्या. सगळ्या जुळल्या. तेव्हा कुठे त्यांनी प्रिंटरवर रुमाल घातला.

शुक्रवारी सकाळी जीप बोरीला निघाली तेव्हा आप्पा पुढच्या सीटवर बसलेले होते. कुणी बोलावलं नव्हतं. बैठकीआधी साहेबांना बोरीहून फोन हवा होता, म्हणून मी निघाले होते. आप्पांनी फक्त एवढंच म्हटलं की मला बी यायचं हाय. सबंध रस्त्यात सलीमभाईंनी चहाचा विषयसुद्धा काढला नाही.

निंबाखाली नऊ गाड्या होत्या. मारोतरावांची आगटी नुकती पेटत होती. चंद्रकलाने दहाला नाव टाकलं, पासवर्ड टाकला, घड्याळ बघितलं, आणि परत पडद्याकडे बघेपर्यंत मशीनने आत घेतलं होतं. तिला खरं वाटेना. तिने मशीनमधून बाहेर येऊन पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा केलं. मग दारात जाऊन हाक दिली की गाड्या आणा. मारोतराव हातात कच्चं कणीस घेऊन उभे. म्हणाले, आता ह्ये कवा खायाचं? सगळे हसले, चंद्रकला सगळ्यात जास्त, आणि हसता हसताच पदराने डोळे पुसत होती. माझा जीव भांड्यात पडला. मी परभणीला फोन केला. दुपारी कळलं की केंद्र बंद करायचं पत्र साहेबांनी फाडलं.

आप्पा दाराजवळ उभे होते. गर्दी कमी झाल्यावर ते तिच्या टेबलापाशी गेले आणि आपलं नाव सांगितलं. म्हणाले, "पोरी, तुजे सात अर्ज आले. सातही मी आवक केले, नंबर आजून तोंडपाठ हायेत. वाचला मातर एक बी न्हाई. दुसऱ्याचं टपाल वाचू न्हाई म्हनून. तुजं काम आडलं व्हतं माज्यापायी, आन् त्या अर्जांची नोंद बी मीच करायलो व्हतो."

चंद्रकला उठून उभी राहिली. तिने त्यांना आपली खुर्ची दिली. मग पाणी दिलं. शेवटी म्हणाली की आप्पा, तुमी नंबर टाकून पोच पाठवत होता म्हणून तर मी पुढचा अर्ज लिहीत होते, निदान पोचतंय एवढं तरी कळत होतं. म्हातारा त्यावर रडला. नंतर आम्ही सगळ्यांनी मारोतरावांच्या रानात हुरडा खाल्ला, मशीन चालू असताना, मुद्दाम.

निघताना मी चंद्रकलाला विचारलं, तुझी बी.ए.ची पदवी इथे भिंतीवर का लावत नाहीस, छान दिसेल. ती म्हणाली विद्यापीठाचं नाव बदललं की लावीन, तोवर पेटीत ठेवलीय. मग खिळा मारायला या, असंही म्हणाली.

संध्याकाळी परभणीला आप्पांनी मला जावक केलं. नाव, गाव, सामान एक नग. बस आली, कंडक्टर योगायोगाने तोच निघाला, आणि त्याने काही न बोलता बॅग माझ्या मांडीवर ठेवली.

शनिवारी पुण्यात कचेरीत गेले. डोक्यात एकच गोष्ट होती. माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात वर्षभराचे कागद कोंबलेले होते. त्यांच्यातच बोरीच्या पोस्टाचा शिक्का असलेली तीन पाकिटं होती, व्यवस्थित फोडलेली. तिन्ही पत्रांच्या कोपऱ्यात लाल शाईत "पाहिले" असं लिहिलेलं, आणि खाली माझी सही.

खुर्ची ओढून मी तिथेच वाचायला बसले. तिसरं पत्र तुळशीच्या लग्नानंतरचं होतं. वळणदार अक्षरात तिने लिहिलं होतं, की तीन दिवस मशीनने लगेच आत घेतले, तेव्हा लाईनीत दोष नसावा. त्या तीन दिवसांत परभणीच्या कार्यालयात काय वेगळे होते, तेवढे कृपया विचारून कळवावे.

बारा तासांची बस, पिंगळीचे उंदीर, बदललेला मोडेम, सगळं त्या एका वाक्यात मावत होतं. एक फोन केला असता तर पुरे झालं असतं. पण मग बोरी बघितली नसती, हेही खरं. मी लाल पेन उचललं, तिन्ही कागदांवरचं "पाहिले" खोडलं, आणि कोरा कागद घेऊन उत्तर लिहायला लागले. "चंद्रकला, तुझी तिन्ही पत्रं आज वाचली."